दिवाणखान्यातला आवाज: लाउडस्पीकरचा दीडशे वर्षांचा मागोवा

एखाद्या रसिकाने घरातली एक खोली केवळ संगीत ऐकण्यासाठी राखून ठेवली आणि त्यासाठी काही लाख रुपये बाजूला काढले, तर त्याच्यासमोर आज साधारण तीन जातींचे लाउडस्पीकर मांडले जातात. एक असतो कोपऱ्यात बसणारा, छातीइतका उंच, पोटात लाकडी कर्णा दडवलेला. दुसरा स्टँडवर किंवा पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा बंद पेटीतला. तिसऱ्याला पेटीच नसते. प्लॅस्टिकचा पातळ पडदा तेवढा ताणून उभा केलेला असतो. तिघांचाही दावा एकच, की मूळ आवाज जसाच्या तसा तुमच्या कानी पडेल. पण तीच बंदिश तिघांतून तीन तऱ्हांनी ऐकू येते. ग्राहक मग किमतीचे तक्ते पाहतो, जाणकारांची मते वाचतो आणि अधिकच गोंधळतो. हे तीन स्पीकर म्हणजे एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या काळी मिळालेली तीन उत्तरे आहेत. प्रश्न असा: माणसाला ऐकू येणारा सर्वांत खालचा स्वर 20 हर्ट्झच्या आसपास असतो आणि हवेत त्याची लहर सुमारे 17 मीटर लांब पसरते. सर्वांत वरचा स्वर 20,000 हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याची लहर जेमतेम 17 मिलिमीटरची. एकाच वस्तूने ही दोन्ही टोके हलवायची कशी? निवड करण्याआधी आपण या उत्तरांची वंशावळ चाळून पाहू.

मूळ पुरुष शोधायला निघालो तर आपण थेट 1874 मध्ये पोचतो. जर्मनीच्या वेर्नर सीमेन्स यांनी त्या वर्षी एका यंत्राचे पेटंट घेतले. लोहचुंबकाच्या क्षेत्रात तारेचे गोल वेटोळे टांगलेले असून वीजप्रवाह सोडताच ते मागेपुढे सरकते. आजच्या बहुतेक सगळ्या स्पीकरांचा गाभा हाच आहे. गंमत अशी, की सीमेन्स यांच्याकडे गाभा होता, पण त्याला बोलायला लावणारा संदेश नव्हता. बेल यांचा टेलिफोनसुद्धा दोन वर्षांनी, 1876 मध्ये आला. इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी 1898 मध्ये हीच कल्पना सुधारून पुन्हा पेटंट घेतले आणि तेही कागदावरच राहिले, कारण क्षीण विद्युतसंदेश मोठा करणारे साधन जगात नव्हते. ली डी फॉरेस्ट यांची तीन टोकांची निर्वात नळी 1906 ची, आणि तिचा खरा उपयोग कळायला आणखी काही वर्षे गेली. दरम्यान कॅलिफोर्नियातल्या नापा गावी पीटर जेन्सन हा डॅनिश तंत्रज्ञ आणि एडविन प्रिडहॅम यांनी फिरत्या वेटोळ्याला ग्रामोफोनचा कर्णा जोडला आणि 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो हजारोंच्या जमावासमोर वाजवून दाखवला. सप्टेंबर 1919 मध्ये सॅन दिएगोच्या मैदानावर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे भाषण त्यांच्याच कर्ण्यांतून सुमारे 50,000 लोकांनी ऐकले. लाउडस्पीकर प्रथम दिवाणखान्यात आला नाही, तो सभेत आला.

घरात यायला त्याला कर्णा टाकून द्यावा लागला. हे काम जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी केले. अनेक प्रकारचे पडदे आणि ते हलवणारे चालक एकमेकांशेजारी तपासून त्यांनी 1925 मध्ये अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपला निबंध वाचला. या व्यवसायाची पोथी म्हणावी असा तो निबंध आहे. त्यांनी कागदाचा लहान शंकू घेतला, त्याची कड मऊ पट्टीवर सैल टांगली आणि त्याचा स्वतःचा कंप गाण्यातल्या खालच्या स्वरांच्याही खाली नेऊन ठेवला. असे केले की वर चढत जाणाऱ्या स्वरांना शंकूची हालचाल कमी होत जाते, पण त्याच प्रमाणात हवेवरची त्याची पकड वाढते. दोन्ही बाजू एकमेकींना तोलतात आणि आवाजाची पातळी सपाट राहते. शंकूच्या पुढची लहर आणि मागची लहर एकमेकींना मारू नयेत म्हणून मध्ये फळी हवी, हेही त्यांनी दाखवले. या अभ्यासातून निघालेला रेडिओला 104 हा स्पीकर आरसीए कंपनीने 250 डॉलरला विकायला काढला. त्या काळच्या अमेरिकेत ही रक्कम थोडी नव्हती, म्हणजे महागड्या स्पीकरची परंपरा घरगुती स्पीकरच्या जन्मापासूनचीच. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. राइस आणि केलॉग यांनी स्थिर विजेवर हलणारा पडदाही तपासला होता आणि बाजूला ठेवला होता. त्या टाकलेल्या वाटेवर आपण पुढे परत येणार आहोत.

कर्णा मात्र संपला नाही, त्याला चित्रपटाने आश्रय दिला. बेल प्रयोगशाळेतल्या एडवर्ड वेन्टे आणि ॲल्बर्ट थुरास यांनी घडवलेला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 555 हा चालक 1926 मध्ये ‘डॉन वॉन’ या ध्वनियुक्त चित्रपटाबरोबर थिएटरात पोचला. त्या वेळचे ॲम्प्लिफायर जेमतेम दहा-बारा वॉटचे. एवढ्याशा शक्तीत हजार माणसांचे थिएटर भरायचे तर कर्ण्याला पर्याय नव्हता, कारण तो लहान पडद्याची हालचाल मोठ्या तोंडापर्यंत हळूहळू रुंदावत नेतो आणि हवेशी तिची सांगड घालून देतो. आपल्याकडे 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. बोलपटाबरोबर हे तंत्रही इथल्या प्रेक्षकांच्या कानी पडले. याच वंशात पुढे जेम्स लान्सिंग आले. त्यांनी थिएटरसाठी मोठमोठे कर्णे घडवले, 1946 मध्ये जेबीएल कंपनी काढली आणि 1949 मध्ये जगाचा निरोप घेतला. कर्ण्याला घरात आणण्याचा हट्ट मात्र पॉल क्लिप्श या लष्करातल्या अभियंत्याने धरला. खर्जासाठी कर्ण्याचे तोंड खोलीएवढे हवे, ही मुख्य अडचण. क्लिप्श यांनी कर्ण्याला पेटीच्या आत घड्या घातल्या, पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली आणि दोन भिंती व जमीन यांनाच कर्ण्याचा शेवटचा भाग बनवले. आर्कान्सासमधल्या होप गावी 1946 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीत क्लिप्शहॉर्न आजही बनतो. खोलीला अडथळा न मानता कामाला जुंपणारा हा पहिला गाजलेला घरगुती स्पीकर. त्याची अट एकच, घराला दोन मोकळे, धड कोपरे हवेत.

पेटीच्या बाजूने क्रांती झाली 1954 मध्ये. न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्या एडगर विल्चर यांना खर्जातल्या विकृतीचे मूळ शंकूला धरून ठेवणाऱ्या कापडी कडेत सापडले. ही कड ताणली की तिचा जोर हालचालीच्या प्रमाणात राहत नाही. उलट, लहान पेटीत कोंडलेली हवा कितीतरी सम प्रमाणात दाबली जाते. म्हणून त्यांनी शंकू जवळजवळ सैलच सोडला आणि पेटी हवाबंद करून आतल्या हवेलाच स्प्रिंग बनवले. हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केम्ब्रिजला ॲकॉस्टिक रिसर्च ही कंपनी थाटली आणि एआर-1 बाजारात आणला. फ्रीजएवढ्या पेट्यांतून जो खर्ज मिळे, तो आता दोन हातांत उचलता येईल अशा पेटीतून मिळू लागला. चार वर्षांनी आलेल्या एआर-3 मध्ये वरच्या स्वरांसाठी घुमटाच्या आकाराचे ट्वीटर होते, तेही आज घरोघरी दिसते. विल्चर यांचे पेटंट पुढे न्यायालयात टिकले नाही, कारण आरसीएच्या हॅरी ओल्सन यांनी 1949 मध्येच अशी कल्पना नोंदवून ठेवली होती. पण कल्पना नोंदवणे वेगळे आणि ती घराघरांत पोचवणे वेगळे. 1958 च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या आणि एका स्पीकरच्या जागी दोन लागू लागले. दोन कपाटे दिवाणखान्यात कोण ठेवणार? काळाने कौल लहान पेटीला दिला.

पण या लहान पेटीची किंमत दुसरीकडे वसूल होत होती. क्लॉस 1957 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी माल्कम लो व अँटन हॉफमन यांच्यासह केएलएच कंपनी काढली. यातले हॉफमन हे विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. त्यांच्या नावावर एक नियम रूढ आहे आणि तो खरेदीला निघालेल्या प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. क्लिप्श यांनी पेटीचा लहानपणा सोडला, विल्चर यांनी थोड्या शक्तीतला मोठा आवाज सोडला. क्लिप्शहॉर्नला एक वॉट दिला तर एक मीटरवर 104 डेसिबेलच्या आसपास आवाज निघतो. लहान बंद पेटीचा स्पीकर तेवढ्याच शक्तीत 83 डेसिबेलपर्यंत जातो. हा फरक भरून काढायचा तर शंभरपटीहून जास्त वॉट हवेत. एआरच्या वंशाला सुगीचे दिवस आले ते ट्रान्झिस्टरचे दणकट ॲम्प्लिफायर स्वस्त झाल्यामुळे. स्पीकरचा इतिहास ॲम्प्लिफायरच्या इतिहासापासून सुटा करता येत नाही, आणि दुकानातही ही दोन्ही एकमेकांशी जुळवूनच पाहावी लागतात.

आता त्या टाकलेल्या वाटेकडे वळू. इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावी पीटर वॉकर यांनी राइस-केलॉग यांनी बाजूला सारलेल्या स्थिर विजेच्या पडद्यावर वर्षानुवर्षे काम केले आणि 1957 मध्ये क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर विक्रीला आणला. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये अतिपातळ प्लॅस्टिकचा पडदा, त्यावर काही हजार व्होल्टचा भार, आणि पत्र्यांवर संगीताचा संदेश. पडदा कडेने ढकलला जात नाही, त्याच्या सर्वांगावर एकाच वेळी जोर पडतो. त्यात वेटोळे नाही, जड शंकू नाही, घुमणारी पेटी नाही. दिसायला तो थंड देशातल्या खोली तापवणाऱ्या विजेच्या शेगडीसारखा, पण गळ्यातून निघणारा आवाज त्यातून असा स्वच्छ येई, की त्या मापाने बाकीचे स्पीकर आजही तोलले जातात. त्यानेही किंमत घेतली. आवाज फार मोठा करता येत नाही, खर्ज खोल जात नाही, आणि पडदा पुढे जितका आवाज देतो तितकाच मागे देतो, म्हणून त्याला भिंतीपासून बराच पुढे ओढून ठेवावे लागते. वॉकर यांनी त्याची सुधारित आवृत्ती 1963 मध्ये हाती घेतली आणि ती बाजारात आली 1981 मध्ये. मिनेसोटात जिम वाइनी यांनी 1969 मध्ये मॅग्नेपॅन कंपनी काढून चुंबकांच्या रांगेसमोर ताणलेल्या पातळ पडद्याची वाट धरली. तीही याच कुळातली शाखा.

स्पीकर बनवण्याची जशी वंशावळ आहे, तशी तो पारखण्याचीही आहे, आणि आपल्या कामाची तीच अधिक. 1915 पासून दहा वर्षे एडिसन कंपनी अमेरिकेत गावोगावी जाहीर परीक्षा घेत होती. रंगमंचावर गायिका आणि तिच्याशेजारी तिचीच तबकडी वाजवणारा फोनोग्राफ. मध्येच दिवे मालवत, आणि ते पुन्हा लागले की गायिका निघून गेल्याचे पाहून श्रोते चकित होत. त्यातल्याच ॲना केस या गायिकेने उतारवयात सांगितले, की आपण यंत्राच्या आवाजाला जुळेल असे गात होतो. परीक्षा यंत्राची होती, तडजोड गायिकेने केली. वार्फडेल या स्पीकर कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी 1954 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण समोरासमोर ऐकवले, त्यांच्या साथीला वॉकर होते. एआर कंपनीनेही पुढे तंतुवाद्यांच्या चौकडीला घेऊन हेच केले. या साऱ्यात सर्वांत कसून परीक्षा घेतली ती बीबीसीच्या अभियंत्यांनी, कारण त्यांना स्पीकर विकायचे नव्हते, वापरायचे होते. निवेदक स्टुडिओत बोलत असे, अभियंते दार उघडून तो प्रत्यक्ष ऐकत आणि नियंत्रणकक्षात येऊन स्पीकरमधून ऐकत. माणसाच्या बोलण्यातला खोटेपणा कानाला झटकन कळतो, हे त्यांनी ओळखले होते. या शाळेतून 1970 च्या दशकाच्या मध्यात एलएस3/5ए हा फूटभर उंचीचा स्पीकर निघाला. मोठा स्पीकर जिथे मावत नाही अशा ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी तो होता. त्याचे दोन्ही चालक केन्टमधल्या केईएफ कंपनीचे. स्पेन्डॉर आणि हार्बेथ ही नामांकित घराणी बीबीसीतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनीच स्थापन केली.

पेटीचे शास्त्र या काळात कारागिरांच्या अंदाजातून गणितात गेले. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थीएल यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकात, स्पीकरच्या काही मोजक्या मापांवरून पेटी आणि खर्ज आधीच कसे ठरवता येतात ते दाखवून दिले. थीएल यांचा निबंध दहा वर्षे जवळजवळ दुर्लक्षित होता. तो 1971 मध्ये अमेरिकेत पुन्हा छापला गेला, तेव्हा जगाला त्याचे मोल कळले. मग अतिमहाग स्पीकरांचे युग आले. बंगाली वडिलांचे पुत्र अमर बोस यांनी 1968 मध्येच 901 हा स्पीकर काढून नवांपैकी आठ चालक भिंतीकडे तोंड करून बसवले होते. बी अँड डब्ल्यूचा 801 हा 1979 चा, आणि तो लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत रुजला. अमेरिकेत डेव्हिड विल्सन यांनी 1980 च्या दशकात मोटारीच्या किमतीचे स्पीकर विकता येतात हे सिद्ध केले. भारतात आयातीवर निर्बंध होते तोवर शौकीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे चालक आणून सुताराकडून पेट्या करून घेत. कोलकात्याच्या सोनोडाइनने देशी स्पीकरला प्रतिष्ठा दिली, पुण्याच्या केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि खर्जासाठी वूफर यांची जोड असलेले स्पीकर परदेशात नेले, तर कोचीच्या रेथमने कर्ण्याची वाट धरली. तिन्ही कुळांच्या शाखा अशा आपल्या अंगणापर्यंत आल्या आहेत.

किंमत वाढली तशी शंकाही वाढली, की माणूस नेमके काय ऐकतो, आवाज की दिमाख? उत्तर शोधले कॅनडात. ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवले, सर्वांची आवाजाची पातळी सारखी केली आणि श्रोत्यांकडून गुण घेतले. 1985-86 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता. अभिरुची व्यक्तिगणिक वेगळी असते ही समजूत पडद्याआड फारशी टिकत नव्हती. समोरून सपाट आणि बाजूंनीही गुळगुळीत उतरता आवाज देणारा स्पीकर बहुतेकांना आवडत होता, मग तो कोणत्याही कुळातला असो. पुढे टूल हरमन कंपनीत गेले. तिथे शॉन ऑलिव्ह यांच्यासह 1994 मध्ये त्यांनी त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा झाकून आणि एकदा उघडे ठेवून ऐकवले. डोळ्यांना दिसू लागताच मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे घटले. आणखी एक साधा सापळाही या कामातून अधोरेखित झाला: जो स्पीकर किंचित मोठा वाजतो तो किंचित चांगला वाटतो. पातळी न जुळवता केलेली कोणतीही तुलना त्यामुळे निरर्थक ठरते.

या वंशावळीत एक वारस मात्र सर्वांत जुना आहे, आणि तो म्हणजे खोली. हार्वर्डमधल्या एका सभागृहात व्याख्यान समजत नाही म्हणून वॉलेस सबाइन यांनी 1895 मध्ये तिथे गाद्या आत-बाहेर करत प्रतिध्वनी विरायला किती वेळ लागतो ते मोजायला घेतले. खोलीचे शास्त्र तेव्हापासूनचे. चार मीटर लांबीच्या खोलीत 43 हर्ट्झच्या आसपासचा स्वर समोरासमोरच्या भिंतींत अडकून फुगतो, आणि त्याच खोलीत चार पावले सरकले तर नाहीसा होतो. मॅनफ्रेड श्रोडर यांनी 1954 मध्ये दाखवले, की प्रत्येक खोलीला एक सीमारेषा असते. घरच्या खोलीत ती साधारण दोनशे-तीनशे हर्ट्झवर पडते. तिच्या वर स्पीकरचे राज्य, तिच्या खाली खोलीचे. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या आपल्या फ्लॅटमध्ये पाच लाखांचा स्पीकर एक लाखाच्या स्पीकरहून वाईट वाजू शकतो, तो खोलीमुळेच.

म्हणून दीडशे वर्षांच्या या रस्त्याच्या शेवटी उभे राहून निवड करताना आपण हॉफमनच्या नियमापासून सुरुवात करावी. तिन्हींपैकी काय सोडणार ते आधी ठरवा. मुख्यतः ख्याल ऐकत असाल तर हिशेब सोपा आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झला वाजते. तिच्यासाठी 25 हर्ट्झपर्यंत उतरणाऱ्या भल्यामोठ्या पेटीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. बीबीसीच्या वळणाची पेटी लहान खोलीत पुरेशी होते, आणि खोली ऐसपैस असून स्पीकर भिंतीपासून मीटरभर पुढे ठेवता येत असेल तर स्थिर विजेच्या पडद्यासारखा गळा दुसरा कोणी ऐकवत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंद, ऑर्गन किंवा चित्रपट हा मुख्य शौक असेल, तर मोठी पेटी किंवा वेगळा सबवूफर घ्यावा. मोठा आवाज हवा, ॲम्प्लिफायर लहान आहे आणि कोपरे मोकळे आहेत, तर क्लिप्शची वाट अजून खुली आहे. दुकानात जाताना ओळखीच्या माणसाच्या नुसत्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण बरोबर न्या, पातळी जुळवून मागा, स्पीकर पडद्याआड ठेवायला सांगा आणि शेवटचा निर्णय जोडी दोन दिवस घरी वाजवल्यावरच घ्या. ठरवलेल्या रकमेतला निदान पाचवा हिस्सा जाड गालिचा, पडदे आणि पुस्तकांची कपाटे यांसाठी राखून ठेवा, कारण शेवटचा शब्द खोलीचाच असतो.